न वाजलेल्या धुनांचा राखणदार

वाणीची अधिष्ठात्री आणि वीणेची स्वामिनी जी शारदा, तिच्या चरणी मस्तक ठेवतो. आज सरस्वतीपूजनासाठी पोथ्यांची बासने सोडताना ज्यांची आठवण अनिवार झाली, त्या आमच्या लोणावळ्यातील शेजाऱ्यांविषयी चार शब्द लिहितो.

सोनबाभाऊ माणसांचा वास घेतात. दार उघडले की 'या' म्हणण्यापूर्वी त्यांचे नाक पुढे येते.

"गुरुजी, सदरा दमट हाय तुमचा. ओल घिऊन आलात व्हय घरात?"

छत्री अंगणात ठेवायची, पाय पुसायचे, तळहात उलटसुलट दाखवायचे, मग प्रवेश. एकदा ओलेत्याने प्रसाद घेऊन गेलो, तर त्यांनी तो खिडकीतूनच स्वीकारला.

भाऊ मूळचे वडिवळ्याचे. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवता वाजवता स्वरलिपी शिकले आणि टीव्हीवरील पुरस्कारसोहळ्यांच्या वाद्यवृंदात नकलनवीस झाले. प्रत्येक वादकाला त्याच्या वाद्यापुरते सूर सुवाच्य अक्षरात उतरून देणे, हे त्यांचे काम. पुढे सोहळ्यांत ध्वनिमुद्रित संगीत आले आणि वाद्यवृंद उठला. रद्दीत निघालेले ते सारे कागद भाऊंनी घरी आणले आणि दोन कपाटांत लावले. आणि घर कुठे, तर जिथे धुके स्वयंपाकघरापर्यंत येते आणि बरणीतल्या मिठालाही पाझर फुटतो!

त्यामुळे आषाढापासून त्यांना झोप नसते. वैद्याने नाडी पाहावी तसे भिंतीवर बोट टेकवून, श्वास रोखून उभे राहतात. मी म्हणालो, "भाऊ, मृत्यूलाही इतके भीत नसाल."

"मरान येकदाच येतं, गुरुजी. बुरशी दर साली येती."

यंदा श्रावणात एका दुपारी त्यांची किंकाळी ऐकू आली, "गुरुजी, धावा! भित फुटली!"

भिंत उभीच होती. पण कपाटांमागून पाणी झिरपत नव्हते, वाहत होते. भाऊंचे ओठ पांढरे पडले होते. 'वाजलेले' अशी चिठ्ठी असलेल्या कपाटाकडे मी झेपावलो.

"त्ये ऱ्हाऊ द्या! आदी ह्ये!" त्यांनी मला दुसऱ्याकडे ओढले.

त्यातले गठ्ठे आम्ही माझ्या माजघरात नेले. ओली पाने ओढून सोडवू नयेत, हे पोथ्यांनी मला शिकवले आहे. त्यांच्यामध्ये टीपकागद सारत आम्ही बसलो. तिकडे पहिल्या कपाटाचा लगदा होत होता. भाऊंनी मान वळवून पाहिले नाही. मी कारण विचारले.

"पुरस्काराला नावं पाच," ते म्हणाले. "जितनार कोन, ते आमालाबी ठाव नसायचं. पर नाव पुकारलं की मानूस उठस्तवर त्याची धून सुरू झाली पायजे. म्हून पाचीबी लिवून ठिवायच्या. वाजायची येक. चार तशाच माघारी. वाजली ती लोकांनी आयकली. ह्या चारांचं कागदाबिगर जगात काय न्हाई, गुरुजी. कागद कुजला की संपलं."

पाने सुकल्यावर कोणते सूर वाचले ते पाहण्यासाठी त्यांनी क्लॅरिनेट आणले, ओठांशी नेले आणि पुन्हा खाली ठेवले.

"चालाया कोन न्हाई."

"म्हणजे?"

"आमची कारभारीन व्हती तवा दर आयतवारी ह्यातली येक वाजवायचो. ती दारातनं खुर्चीपातूर चालत यायची. पदर सावरत, हात जोडत, जितल्यावानी. ती गेली, तवापासनं वाजवलं न्हाई."

मी उठलो. उपरणे नीट केले आणि दारापाशी जाऊन उभा राहिलो.

"वाजवा."

धून सुरू झाली. टीपकागदांच्या वाटेतून मी, आयुष्यात कधी मंच न चढलेला, हात जोडून चालू लागलो. मध्येच शाई पुसली गेली होती, तिथे क्लॅरिनेट थांबले. मीही एक पाय उचलून थांबलो. भीतीने आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मग भाऊंनी डोळे मिटले. हरवलेला सूर सापडला, आणि मी पाऊल टाकले.

खुर्चीत बसलो तेव्हा ते डोळे पुसत म्हणाले, "कारभारीन जरा हळू चालायची."

वाचकहो, आपल्या घराच्या भिंती कोरड्या राहोत. आपल्या कुटुंबातील कोणासाठी लिहून ठेवलेली धून न वाजता माघारी न जावो. आणि ती वाजेल तेव्हा चालणारे पाऊल घरात असो, हीच शारदेपाशी प्रार्थना.