काचेपलीकडचा खोकला

दहावा शब्द संपला होता, अकरावा अजून यायचा होता. मधल्या अर्ध्या मिनिटात खोलीत शांततेखेरीज काहीही नव्हते. आणि नेमका त्याच वेळी टेबलावरचा लाल दिवा लागला.

कानतपासनिसाने चष्मा काढून पुसला. दिवा विझला. पुन्हा लागला. तिसऱ्यांदा तर चांगला लांबलचक लागला, दाराची घंटा वाजवून कंटाळलेल्या पाहुण्यासारखा!

काचेपलीकडे, चारही बाजूंनी करड्या फोमने मढवलेल्या त्या कपाटाएवढ्या खोलीत, निवृत्त न्यायाधीश हेडफोन चढवून ताठ बसले होते. नियम साधा होता. हेडफोनमध्ये आवाज आला की हातातले बटण दाबायचे. बटण दाबले की बाहेर दिवा लागतो. साहेबांना स्वतःच्या घराचे दार आपटलेले ऐकू येत नसे. त्यामुळे यंत्राचा आवाज पार वर चढवून ठेवला होता. एवढे करून त्यांना शब्द दहापैकी चारच ऐकू आले होते. आणि आता त्यांना शांतता ऐकू येत होती!

कानतपासनिसाने खोलीचे जाड दार उघडले. ते दार उघडताना नेहमी एक उसासा टाकी, जणू आत कुणीतरी श्वास रोखून बसलेले असावे.

"साहेब, बटण का दाबलंत? मी काही वाजवलंच नाही!"

"तुम्ही नाही वाजवलंत. तो खोकला."

"कोण?"

"ते शोधायचं काम तुमचं, डॉक्टर. मी फक्त साक्षीदार. दोनदा थोडक्यात खोकला, एकदा सविस्तर!"

आपण डॉक्टर नाही, हे त्याने साहेबांना सतरा वेळा सांगितले होते. ते त्यांना ऐकू गेले नव्हते. पण आता त्याला दुरुस्ती सुचली नाही. दोन आखूड, एक लांब. हा खोकला त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. वीस वर्षे तो त्याच्याच छातीत बिऱ्हाड करून राहिला होता, आणि आज बरोबर एकवीस दिवस झाले, त्याने त्याला नोटीस दिली होती; काल रात्री तो सामानासकट बाहेर पडला होता.

सिगारेट त्याने याआधी सात वेळा सोडली होती. मुलगी जन्मली तेव्हा इस्पितळाच्या जिन्यात पाकीट चुरगळले होते; आठव्या दिवशी मागचे पाढे पंचावन्न. तिला पहिला दात आला तेव्हा सोडली. तिने तोंडातून पहिला ओळखीचा आवाज काढला तेव्हा सोडली, कारण तो आवाज 'बाबा' नव्हता; पाळण्यातून तिने हुबेहूब त्याचा खोकला काढून दाखवला होता! दोन आखूड, एक लांब. घरातले सगळे हसले. तो एकटा गॅलरीत गेला, आणि मग गॅलरीत गेलोच आहोत तर, म्हणून त्याने एक पेटवली.

सातव्या वेळी ती दहा वर्षांची होती. वाळत घातलेल्या चादरीमागून उगवणारा धूर तिने पाहिला, चादर बाजूला केली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, आता मला सांगू नकोस. सोडलीस तरी नको, ओढलीस तरी नको. मला ऐकूच येणार नाही."

आणि खरोखरच तिला ऐकू येईनासे झाले! "ठकू, या वेळी मी..." एवढे त्याने म्हणायचा अवकाश, तिचा चेहरा भिंतीसारखा कोरा व्हायचा. पुढे हा आजार पसरला. शाळेतून चिठ्ठी आली: हाक मारली तरी ओ देत नाही, कान तपासून घ्यावेत. चिठ्ठी वाचून बायकोने ती त्याच्यापुढे सरकवली.

"शहराचे कान तपासतोस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घेऊन जा तिला. तपास काय ते."

म्हणून आज चारची वेळ ठरली होती. त्याने मनाशी पक्का बेत रचला होता. आठव्या खेपेची वार्ता त्याने कुणालाच दिली नव्हती, बायकोलाही नाही. चार वाजता ठकू त्या खोलीत बसेल, हेडफोन लावेल, शिट्ट्या ऐकेल. आणि शेवटी शिटीऐवजी बाबाचा आवाज येईल: एकवीस दिवस, राणी! तिथे तोंड फिरवता येत नाही. डोळ्यांना मिटायला पापण्या असतात, कानांना झाकण कुठले? दिवा लागेल. त्या एका लाल दिव्यासाठी तो एकवीस दिवस जगला होता.

आणि आज सकाळीच तो दिवा भलत्याच कारणाने लागला होता.

साहेबांना चारनंतर फेरतपासणीला बोलावून त्याने पुढच्या माणसाला आत बसवले. हा बसचालक होता, धिप्पाड, मानेवर वळ्या असलेला. दहा शब्द झाले. शांतता झाली. दिवा लागला! चालक हेडफोन उपटून बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"आत कुणी आहे का हो?"

"आत तुम्हीच होतात."

"मग खोकलं कोण? तुमच्याकडेच बघत होतो मी काचेतून. तुमचं तोंड बंद होतं. आणि सिगारेटचा वास कुणाचा?"

वासाचे उत्तर त्याला ठाऊक होते, पण ते देण्याजोगे नव्हते. अकरा वर्षे दुपारच्या सुट्टीत तो त्याच खोलीत दार लावून ओढत आला होता. भिंतींना कान असतात म्हणतात. या भिंतींना नाकही होते, आणि त्यांची स्मरणशक्ती दांडगी होती.

चालकाच्या मागून शिवणकाम करणाऱ्या एक आजी आत गेल्या. त्यांनी बटण दाबले नाही. त्या नुसत्या उठल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत एक आजारी माणूस आहे. आधी त्याचं बघा बाई, माझं काय, मी पुन्हा येईन!"

नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंनी वही मिटली. नको त्या गोष्टी शांतपणे सांगण्याचा त्यांना सराव होता.

"सर, मी काही तुम्हाला घाबरवत नाही. पण माझ्या आत्याच्या ऑफिसात अगदी असंच झालं होतं."

"मग?"

"मग काही नाही. आता ते ऑफिस नाहीये."

"बाई!"

"एक विचारू? तीन आठवडे तुमचा खोकला कमी होत होता, आज पार बंद आहे. तो गेला कुठे? माणूस घर सोडतो तेव्हा कुठेतरी जातोच ना!"

यावर हसावे असे त्याने ठरवले. शेवटी दुपारी, सगळी माणसे गेल्यावर, तो स्वतः आत बसला. बाई बाहेर यंत्रापाशी. दार उसासून मिटले.

त्या खोलीतली शांतता बाहेरच्या शांततेसारखी नसते. बाहेर आवाज थांबतात. इथे ते मरतात. थोड्या वेळाने माणसाला स्वतःच्या पापण्या ऐकू येऊ लागतात, मग रक्त, मग रक्ताच्या पाठीमागचे काहीतरी. हेडफोनमध्ये शब्द सुरू झाले. ही यादी त्याने स्वतःच अकरा वर्षांपूर्वी, हे यंत्र नवे असताना, आपल्या आवाजात भरली होती. घर. पाय. दार. दूध. कुणी एक तरुण, निश्चिंत माणूस त्याच्या कानात शब्द ठेवत होता, टेबलावर एकेक पेला मांडावा तसे. ऊन. मूल. हात. माळ. वीज. वाट.

मग काही नाही.

आणि त्या काही नाहीमध्ये, डाव्या कानाच्या किंचित मागे, कुणीतरी खोकले. दोन आखूड. एक लांब. मग काडी ओढल्याचा खर्रकन आवाज. मग एक दीर्घ, तृप्त, बिनघाईचा उच्छ्वास.

तो दार ढकलून बाहेर पडला तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन तसेच होते आणि मागून वायर फरफटत होती. "सर, ऐकलंत?" बाई ओरडल्या. पण भीतीपेक्षाही भयंकर गोष्ट वेगळीच होती. तो उच्छ्वास ऐकल्याबरोबर एकवीस दिवस उपाशी असलेली त्याची छाती, मालकाची हाक ऐकलेल्या कुत्र्यासारखी, उठून उभी राहिली होती!

टेबलावर रुग्णांना समजावण्यासाठी फुटबॉलएवढा प्लास्टरचा कान ठेवलेला होता. त्याच्या नळीत खोल एक सिगारेट होती. ती ओढण्यासाठी नव्हे, स्वतःच्या निग्रहाची रोज परीक्षा घेण्यासाठी ठेवलेली. परीक्षा दोन बोटांनी बाहेर काढून तो मागच्या जिन्याकडे धावला. हेडफोनची वायर दारात अडकली, त्याने कानांसकट तोडून दिल्यागत हेडफोन भिरकावला. आणि पेटवली.

पहिला झुरका. दुसरा. जग पूर्ववत झाले. अर्धी झाली असेल नसेल, तोच जिन्याचे दार धाडकन उघडले.

"सर! सापडला!" बाईंना धाप लागली होती. "तुम्ही पळालात, यंत्र तसंच चालू राहिलं. मी आवाज बाहेर घेतला, मागे नेऊन तीनदा ऐकलं. तुम्हीच आहात तो! दहा शब्दांनंतरची शांतता आहे ना, तीसुद्धा तुम्हीच भरलीय! माईक बंद न करता खोकलात, पेटवलीत आणि मग पुढचे शब्द म्हणालात!"

"मग अकरा वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

"तुम्ही गप्प होतात कुठे? त्या अर्ध्या मिनिटात रोज बाहेर बसून खोकायचात. लोक काचेतून तुम्हाला बघायचे, कानात खोकला ऐकायचे, हिशेब जुळायचा. आज पहिल्यांदा तुम्ही गप्प..." त्यांची नजर त्याच्या बोटांवर आली. "आणि हे काय, सर?"

त्याने हातातल्या अर्ध्या सिगारेटकडे पाहिले.

"भुताला घाबरलो," तो म्हणाला.

चार वाजायला वीस मिनिटे होती. त्याने तीनदा हात धुतले, दोनदा तोंड, पाच पेपरमिंट एकदम दाढेखाली दाबले, सुट्टा पडलेला हेडफोन आणून पुसून जागेवर लावला. चारला पाच कमी असताना साहेब काठी टेकत येऊन बाकावर बसले. चारला ठकू आली. पाठीवर दप्तर, एक वेणी सुटलेली.

"आलीस? ये. घाबरायचं नाही हं."

"पेपरमिंट खाल्लंयस तू," ती म्हणाली.

"घसा जरा..."

ती आत जाऊन बसली. दार उसासले.

तपासणी सुरू झाली आणि त्याच्यातला कारागीर थक्क झाला. शिटी जाड असो, बारीक असो. इकडे वाजली की तिकडे दिवा! चाळीस डेसिबल, वीस, दहा. शून्य म्हणजे धडधाकट माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. तिथेही दिवा चुकला नाही. शून्याच्या खाली यंत्रात आणखी दोन पायऱ्या असतात, उणे पाच आणि उणे दहा. तिथवर कुणी जात नाही. तळघराच्याही खालचे ते तळघर.

आणि त्या तळघराकडे बघताना त्याला युक्ती सुचली, भेकड माणसाला सुचते तशी, अत्यंत सुबक. खोटे तर तिला सांगायचे नव्हते. खरे सांगायचे धैर्य नव्हते. मग खरे सांगावे, पण उणे दहावर! सांगितल्याचे समाधान आपल्याला, न ऐकल्याचे सुख तिला. त्याने खटका खाली, पार खाली फिरवला, ओठ दिसू नयेत म्हणून काचेकडे पाठ केली आणि माईकमध्ये कुजबुजला:

"ठकू, आज एकवीस दिवस झाले होते. आणि आज मी एक ओढली. अर्धी."

समोरच्या भिंतीवर एक लालसर उजेड पडला.

तो सावकाश वळला. दिवा लागला होता. विझत नव्हता. काचेपलीकडे ठकूचा अंगठा बटणावर होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"ऐक ना," तो घाईघाईने म्हणाला, "आत्तापासून सोडतो मी." दिवा विझला. त्याने खटका वीसवर नेला. "आत्तापासून सोडतो!" काही नाही. चाळीस. "ठकू, या वेळी खरंच!" काही नाही. साठवर गेला, तेव्हा तो खुर्चीवरून उठून उभा होता, माईक मुठीत आवळलेला, कपाळाची शीर ताठ. "सोडली म्हणतोय ना! कायमची!"

बाहेर बाईंच्या हातून नोंदवही पडली. बाकावरून न्यायाधीशसाहेबांचा, आयुष्यभर कोर्ट भरवलेला, खणखणीत आवाज आला:

"ऐकलं! अगदी स्पष्ट ऐकलं! यंत्राशिवाय! नोंद घ्या, डॉक्टर!"

टेबलावरचा दिवा विझलेलाच राहिला.

ठकूने हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून खुंटीला लावला आणि बाहेर आली. टेबलापाशी थांबली. प्लास्टरचा तो मोठा कान तिने दोन्ही हातांनी उचलला, नळीला डोळा लावून आत पाहिले, आणि मग तळहातावर हलकेच आपटला. तंबाखूचा एक तपकिरी कण हातावर पडला. तो तिने झग्याला पुसला आणि कान होता तसा, त्याच्याकडे तोंड करून ठेवला.

रोज वीस माणसांना जो प्रश्न तो त्याच सुरात विचारत आला होता, तो त्याच्या तोंडून आपोआप निघाला.

"ऐकू आलं ना?"

ठकूने दप्तर पाठीवर सारले, साहेबांच्या काठीला वळसा घातला आणि दाराबाहेर निघून गेली.