इस्पान मुलखी स्टेशनासमोर ऊन पान वाढले गेले, त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा समर्थ. चूल पेटती असो, पंगत बसती असो, आल्यागेल्यास वाढणारा हात न थको. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, वैशाखमासी तीन जावांनी इस्पान मुलखावर स्वारी केली आणि अन्न जिंकले, ते कैसे, हे जैसे जाहले तैसे लिहिले असे.

कृष्णाकाठी, जेथे तीन दिशांच्या गाड्या येऊन मिळतात, तेथे स्टेशनासमोर एक राज्य होते. राज्य म्हणजे एक स्वयंपाकघर, दोन चुली आणि एक लांब ओसरी. गाडी चुकलेला, गाडी रखडलेला, ओळखीचा आणि ओळखीच्याच्या ओळखीचा, जो कोणी उतरे तो तेथे जेवून जाई. थोरल्या जाऊबाई अक्कासाहेब गादीवर होत्या, म्हणजे चुलीपुढे पाटावर होत्या. धाकट्या कमळजाबाई भाकरी थापीत आणि आम्ही मधल्या वाढावयास असू. पंगत उठली की भुई आरशासारखी जाहली पाहिजे, एक शीतही दिसता नये, ऐसा अक्कासाहेबांचा कायदा होता. आणि सर्वांचे जाहल्यावर त्या स्वतः निवलेल्या आमटीशी बसत. ऊन पान त्यांस कोणी वाढल्याचे राज्यात कोणाच्याही स्मरणात नाही. मग काळ फिरला आणि गाडीतच जेवण मिळू लागले, मुले परमुलखी गेली, घरधनी एकामागून एक देवाघरी गेले आणि चुली निवाल्या.

मग एके दिवशी कमळजाबाईंनी मसलत मांडली. "अक्का, जन्म स्टेशनासमोर गेला, पण आपल्याकडे रूळ कधी संपलेला पाहिला नाही. इकडून आला, तिकडे गेला. स्पेनमध्ये कादिज म्हणून गाव आहे. तिथं रूळ संपतो आणि समुद्र लागतो. मला तो बघायचाय." अक्कासाहेबांनी क्षणभर विचार केला आणि आज्ञा जाहली, "येते. पण जेवण स्टेशनासमोरच. जे गाव उतरलेल्या माणसाला दारात धड वाढत नाही, ते आत जाऊन काय बघायचं?" मग कमळजाबाईंनी कोथिंबीर निवडता निवडता फोनवरून इस्पानी भाषा शिकून घेतली, दशम्या आणि लाडू यांचा दारूगोळा भरला आणि फौज विमानाने बार्सिलोन्यास दाखल जाहली.

तेथे पहिली लढाई. समोर खाणावळी पुष्कळ, परंतु जागा निवडण्याचा अधिकार अक्कासाहेबांचा. त्यांनी भुई पाहिली, आणि जी सर्वांत लखलखीत, जीत चिटपाखरू नाही, तीत फौज घातली. भिंतीवर पदार्थांच्या मोठाल्या तसबिरी होत्या. बिनमांसाचा पिवळा भात मागविला, आणि वाढणारा म्हणाला की आत्ताच केला. अक्कासाहेबांनी एक शीत बोटात दाबले आणि म्हणाल्या, "याला सांग, शिळ्या भाताला मी जन्मभर फोडणी दिली आहे." तेथून झारागोझास कूच केले. तेथेही तैसीच चकचकीत भुई पाहून शिरलो. भाजीचा म्हणून पाव मागविला, त्यात मासा निघाला. कमळजाबाई हिरमुसून म्हणाल्या, "अहो, पाटीवर भाजी लिहिलंय." अक्कासाहेब पुसत्या जाहल्या, "मग हा कुठल्या वेलीला लागला?" मग माद्रिदेस गेलो आणि नित्यनेमाने बाराच्या ठोक्यास दारी उभे राहिलो, तो चुलीस अजून विस्तव नव्हता. त्या मुलखी दुपारचे जेवण दोनानंतर, हे आम्हांस ठाऊक नव्हते. शेवटची दशमी तेथे संपली. अशी तीन ठाणी हातची गेली आणि अक्कासाहेबांच्या पोटात चहाखेरीज धड काही नाही, ऐसा बाका प्रसंग गुदरला.

मग कॉर्डोबाच्या गाडीत अक्कासाहेबांनी निर्वाणीचे सांगितले. "आता जिथं उतरू तिथं पानात धड पडलं तर समुद्रापर्यंत येईन. नाही तर मी इथूनच घरी. तुम्ही दोघी पुढं व्हा." कमळजाबाई म्हणाल्या, "तुम्हाला सोडून आम्ही पुढं जाऊ होय?" "का? मी काय इंजिन आहे?" यावर कोणी हसले नाही. तिघींनी तरी जावे किंवा कोणीच न जावे, ऐसी राज्याची जुनी रीत होती. म्हणोन कादिजचा समुद्र आता एका ताटाच्या काठावर येऊन थांबला. कमळजाबाईंनी तोंड खिडकीकडे केले आणि ऑलिवची झाडे संपेतोवर फिरविले नाही.

कॉर्डोबास उतरलो तेव्हा जेवणाची वेळ भरली होती. समोरच एक चकचकीत खाणावळ, दारात माणूस हात जोडल्यागत उभा, आत भुई आरशासारखी. अक्कासाहेबांचे पाऊल तिकडेच वळले. परंतु कमळजाबाई वाटेत आडव्या जाहल्या. त्यांनी पाहिले की रेल्वेचा गणवेष घातलेले दोघे, टॅक्सीवाले आणि हातात हात घातलेल्या दोन म्हाताऱ्या, सारे त्या दाराकडे न बघता बाजूच्या गल्लीत शिरत आहेत. मग आम्हीही त्यांच्या मागावर निघालो. गल्लीत एक लहान खाणावळ, माणसांनी खचाखच भरलेली, आणि भुईवर पाहावे तो चुरगाळलेले कागदी रुमाल, ऑलिवच्या बिया आणि दात कोरावयाच्या काड्या. अक्कासाहेब उंबऱ्यावर थबकल्या. "कमळे, आधी केरसुणी मागव. मग जेवण."

कमळजाबाईंनी तेथेच त्यांचा हात धरला. "अक्का, आपली पंगत उठली की भुई कशी असायची?"

"कशी म्हणजे? खरकटी. शितं, द्रोण, लिंबाच्या फोडी."

"आणि ज्या दिवशी कुणीच जेवायला यायचं नाही, त्या दिवशी?"

अक्कासाहेब आत भुईकडे पाहू लागल्या.

"तीन गावं आपण उपाशी भुया बघून आत शिरलो. ही भुई जेवलेली आहे."

अक्कासाहेबांनी सुस्कारा टाकला आणि लुगडे घोट्यावर उचलून सीमोल्लंघन केले. खाणावळीची मालकीण एन्कार्ना नावाची, अंगाने भरलेली, कमरेस फडके; तिने थकलेली थोरली बाई पाहिली आणि कोपऱ्यात बसून गप्पा मारणाऱ्या दोघा टॅक्सीवाल्यांस हाताने उठविले आणि खुर्ची ओढून म्हणाली, "सिएंताते, रेइना." कमळजाबाईंनी अर्थ सांगितला, "बस म्हणते. राणी म्हणाली तुम्हाला." अक्कासाहेब पुसत्या जाहल्या, "तिला कुणी सांगितलं?" आणि बसल्या.

कमळजाबाईंनी मांस नको, मासा नको, ऐसे बजाविले. एन्कार्नाने छातीवर हात ठेवून वचन दिले आणि तळलेल्या वांग्याचे काप आणून ठेवले, वर काळसर धार सोडलेली. अक्कासाहेबांनी वास घेतला आणि मान वर केली. "ही काकवी आहे." कमळजाबाईंनी विचारून खात्री केली, तो खरेच उसाचीच. कृष्णाकाठचे निशाण इस्पान मुलखी आधीच फडकत होते. परंतु जन्माची खोड जाईना. अक्कासाहेबांनी ताटली आमच्यापुढे सारली आणि हात मांडीवर घेऊन आमचे होण्याची वाट पाहू लागल्या. एन्कार्नाने ते लांबून पाहिले. ती आली, निवलेले काप आमच्याच पुढ्यात राहू दिले, तव्यावरचे नवे, वाफेचे, अक्कासाहेबांपुढे ठेवले आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. गिऱ्हाईक हाका मारीत होते, पण ती हलेना. "काय म्हणते ही?" "म्हणते, तुम्ही खाल्ल्याशिवाय जायची नाही." मग अक्कासाहेबांनी घास घेतला आणि दुसरा घेतला. मग पालकातले हरभरे आले, पाव आला, संत्री आली, आणि सर्व ऊन ते आधी अक्कासाहेबांस, मग आम्हांस. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि एन्कार्नास खुणेने अजून काकवी मागितली.

जेवण जाहले. अक्कासाहेबांनी कागदी रुमालाने बोटे पुसली आणि टोपली शोधू लागल्या. एन्कार्नाने भुईकडे बोट दाखविले. अक्कासाहेबांनी कागद चुरगाळला, एकवार आमच्याकडे पाहिले आणि हात मोकळा केला. कमळजाबाई हळूच म्हणाल्या, "अक्का, कादिज?" "गाडी कितीची आहे?" ऐसे उत्तर आले.

सारांश, रूळ संपतो तेथे तिघी गेल्या आणि समुद्र पाहिला, तो मोठा होता. परंतु राज्यास विचाराल तर फत्ते त्याआधीच जाहली होती, गल्लीतल्या एका जेवलेल्या भुईवर, जेथे आमच्या थोरल्या बाईंचा कागद इतरांच्या कागदांत पडला. कोणी त्यास केर म्हणो, आमच्या दप्तरी निशाण म्हणून नोंद असे.