गैरहजर चावी

कादरचाचा गाडीची चावी चाटून बघतात. आधी चाटतात, मग मशीनला लावतात. आगरदांड्याच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची चाव्या बनवायची टपरी आहे आणि तिला लागून माझं बॅटऱ्यांचं दुकान, त्यामुळे हा प्रकार मला रोज बघावा लागतो. फेरीबोटीत गाडी चढवायला आलेला पुण्या-मुंबईचा माणूस समोर उभा असतो. सांगत असतो, काही झालं नाही हो, सकाळपर्यंत चांगली चालत होती. चाचा चावीवरून जीभ फिरवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "खारट हाय. खिशात घेऊन समुद्रात गेला व्हता." त्या माणसाची बायको सावकाश नवऱ्याकडे बघते. पुढचं त्यांचं ते बघून घेतात.

हल्लीच्या गाडीची चावी नुसती लोखंडाची नसते, हे मलाही चाचांमुळेच कळलं. तिच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते आणि गाडी ती चिप ओळखते. पातं कितीही हुबेहूब कापा. दार उघडेल, स्टिअरिंग सुटेल, पण इंजिन हूं की चूं करणार नाही. समोर चावीचं एक लाल चित्र लुकलुकत बसतं. मग चाचा आपलं मशीन स्टिअरिंगखाली जोडतात आणि गाडीला नवी चिप शिकवतात.

पण त्याआधी ते गिऱ्हाइकाला एक वाक्य ऐकवतात. "उमेद ठेवू नका." टपरीवर पाटी नाही, हेच वाक्य त्यांची पाटी. डॉक्टरसुद्धा पेशंटला हात लावायच्या आधी असं बोलत नाही. एकदा एक आजीबाई ते ऐकून रस्त्यातच मटकन बसल्या, त्यांना पाणी मलाच द्यावं लागलं. तोवर इकडे गाडी चालूही झाली होती. चाचांना त्याचा काडीचा आनंद नाही. म्हणाले, आज झाली, पुढच्या मॉडेलची व्हनार न्हाय.

पुढचं मॉडेल हा त्यांचा कायमचा घोर आहे. नवी कोरी गाडी उतारावरून येताना दिसली की त्यांचं तोंड पडतं. कंपन्या दरवर्षी काहीतरी बदलतात, मशीन जुनं होतं आणि चाचांच्या मते हे सगळं त्यांनाच उठवायला चाललंय. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीभोवती ते एक फेरी मारतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, हिला चावी घालायला भोकच न्हाय, मग आपलं काय काम? त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. चहा चांगला झाला तरी म्हणतात, उद्या दूध नासंल.

या धंद्यातली एक गोष्ट मात्र ते जिवापाड जपतात. तिला ते हजेरी म्हणतात. पुष्कळ गाड्यांना नवी चावी शिकवताना घरातल्या सगळ्या चाव्या समोर आणाव्या लागतात. जी समोर नसेल तिला गाडी विसरते. दुसरे कारागीर हे सांगतसुद्धा नाहीत, काम उरकतात. चाचांकडे हजेरी घेतल्याशिवाय काम नाही. एका पुणेकराची दुसरी चावी पुण्यात बायकोकडे होती. तो म्हणाला, जाऊ द्या, बोट सुटेल. चाचांनी हटून त्याला फोन लावायला लावला आणि स्वतः बोलले, "बाई, गाडीतनं तुमचं नाव काढतोय. चालंल काय?" बाईंनी तिकडून जे विचारलं त्याने पुणेकराचे कान लाल झाले. बोट सुटली, तो बसून राहिला.

असा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीला चावी नाही. टपरीसमोर जांभळीखाली एक निळी गाडी ताडपत्री पांघरून उभी असते, ती चाचांची. म्हणजे त्यांच्या सलीमची. सलीम मस्कतला नोकरीला लागला आणि पहिल्याच सुट्टीत त्याने ती घेतली. परत जाताना एक चावी त्याच्या खिशातच गेली. दुसरी चाचांकडे होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने खाडीला दिली. बोटीच्या कठड्याला रेलून एका पाहुण्याला दाखवत होते, की चाव्या पडतात कशा. वरच्या खिशात ठेवायची, असं वाकायचं. आणि वाकले. जेटीवरची माणसं अजून ते आठवून हसतात.

तेव्हापासून गाडी उभी. चाचांनी बिनचिपची एक साधी चावी कापून घेतलीय, तिने दार उघडतं, स्टिअरिंग सुटतं, तेवढंच. पण टायरमध्ये हवा असते, काचा पुसलेल्या असतात आणि दर शुक्रवारी नमाजनंतर बॅटरी काढून माझ्याकडे चार्जिंगला येते. दिव्याखाली अंधार, असं सगळा बाजार म्हणतो. चाचा सांगतात, आपल्या मशीनमधी हे मॉडेल येत न्हाय. बाजाराला ते पटतं. मला पटत नव्हतं.

या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं. ठेकेदाराचा माणूस येऊन सांगून गेला, उद्या जांभळ तोडणार, गाडी हलली नाही तर क्रेनने उचलून भंगारात टाकू. चाचा नुसते मान हलवत राहिले. माझं डोकं फिरलं.

"चाचा, रोह्याच्या मास्तरांची अशीच गाडी तुम्ही माझ्यासमोर केलीत. मी छत्री धरून उभा होतो. मॉडेल येत नाही काय सांगता?"

चाचांनी हातातली चावी खाली ठेवली. "येतं रं दिनू. पन हजेरी घ्यावी लागंल. सलीमची चावी हजर न्हाय."

"मग निघू दे तिचं नाव. तो आला की परत शिकवा. तुमचाच तर धंदा आहे."

"तवा मी असंन काय?"

चाचा जांभळीकडे बघत बोलत राहिले, मला नाही, गाडीलाच सांगत असल्यासारखे. "तो येनार, दार उघडनार, चावी फिरवनार. आनि बापाच्या दारातली गाडी त्याला वळखनार न्हाय. मग तो थांबंल व्हय?"

सलीम आधी दर ईदेला यायचा. मग नुसता फोन यायचा. तिकडेच लग्न केल्याचं चाचांना तिसऱ्याकडून कळलं, आणि गेल्या ईदेला फोनही आला नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं, चावी अजून त्याच्याकडे आहे का.

"इचारलं न्हाय," चाचा म्हणाले. मग खाली ठेवलेली चावी पुन्हा उचलत, "न्हाय म्हनाला तर?"

दुसऱ्या दिवशी क्रेन यायच्या आत आम्ही गाडी ढकलायला घेतली. मी, बोटीच्या तिकिटावर बसणारा आणि मासळीवाले दोघे. चाचांच्या अंगणापर्यंत रस्ता उताराचाच आहे. चाचा स्टिअरिंगवर बसले, साधी चावी फिरवली, समोर लाल चित्र लुकलुकायला लागलं. गाडी सुटली ती आमच्या हातातून निसटलीच. आम्ही ब्रेक, ब्रेक करत मागे धावलो. घराची भिंत वीतभर राहिली तेव्हा चाचांनी कसाबसा हँडब्रेक ओढला.

मी दार उघडून बघतो तर चाचा घसरून सीटच्या कडेवर आलेले आणि पायाचा अंगठा तेवढा ब्रेकला टेकलेला. सीट पार मागे सरकवलेली होती. सलीम ताडमाड उंच आहे. मरायचं होतं का, म्हणत मी सीट पुढे ओढायला खाली हात घातला.

चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं. "राहू दे," ते म्हणाले. "त्यानं लावलीय."

मी हात काढून घेतला. जेटीवरच्या प्रत्येकाला हा माणूस सांगतो, उमेद ठेवू नका. त्या घटकेला कुणीतरी ते त्यालाच सांगायला हवं होतं, आणि सांगण्याएवढा जवळचा मीच होतो. मी त्यांना हात देऊन खाली उतरवलं आणि सीट होती तशीच ठेवली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर चाचा बॅटरी छातीशी धरून दुकानात आले. मी ती घेतली आणि चार्जिंगला लावली.