खाली कोण निजतं?

माणिककाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटतात, मग माणसांना. बोटांनी ठकठक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पोकळ हाय." चहा घेऊन उभ्या असलेल्या यजमानाचं तोंड पडतं.

काका लातुरात आमच्या गल्लीत एकटेच राहतात. एसटीत कंडक्टर होते. फळी दिसली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "खाली कोण निजतं?" एकदा सरकारी कचेरीत फायलींच्या मांडणीकडे बघून त्यांनी हेच विचारलं. खाली बसलेल्या कारकुनानं ते मनाला लावून घेतलं आणि काकांचं काम आणखी लांबलं.

दुसरी खोड म्हणजे फळीला स्वतः लटकून बघणं. शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात फळी, लोणच्याच्या बरण्या आणि काका असे सगळेच खाली आले. कपाळाला खोक, अंगभर खार, तरी म्हणाले, "बरं झालं, मी व्हतो." वहिनी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

आणि यांच्या स्वतःच्या घरात भिंतीवर एक खिळा नाही. कॅलेंडरसुद्धा खुर्चीवर बसलेलं असतं. पितळेची भांडी जमिनीवर रांगेनं आणि पलंग खोलीच्या मधोमध. आत गेलं की पलंगाला प्रदक्षिणा घालूनच बाहेर यायचं.

परवा लेकीच्या पलंगाच्या वर, भिंतीत फळी लावायला काढली. मी शिक्षक, घरात पुस्तकांशिवाय दुसरं काय वाढणार? ड्रिलचा आवाज ऐकून काका आलेच. "भोकातल्या प्लास्टिकच्या गिट्टीवर एवढं वजन? काढा ते." त्यांनी विटा सोडून काँक्रीटचा भाग हुडकला, लांब लोखंडी फास्टनर ठोकून घेतले, जाड ब्रॅकेट लावायला लावले. मग दोन्ही पाय उचलून लटकले. फळी जागची हलली नाही.

"झालं ना काका?"

"फळी झाली. आता पलंग सरकवा, गुरुजी."

मी वैतागलो. "आत्ताच तर लटकलात की तुम्ही."

काका फळीकडेच बघत होते. "किल्लारीच्या घरात बी लटकलो व्हतो. आमच्या हिच्या आंदणाची भांडी मांडायला मीच फळी बसवली, दगडी भितीत पार आतपर्यंत. ही तिच्याखाली निजायची, लेकराला घेऊन. भूकंप झाला तवा मी मुक्कामी गाडीवर, निलंग्याला. मागनं ढिगारा उपसला. फळी भितीतून सुटलीच नव्हती, गुरुजी. भितच खाली आली व्हती. भांडी तेवढी निघाली."

काका वाकून एकटेच पलंग ओढू लागले. मी दुसरं टोक धरलं. पलंग पार खोलीच्या मधोमध आला, तेव्हा कुठं ते चहाला बसले.