तरुण संघाच्या ढोलकीची हकीकत

ज्याने अंधारास उजेड हो म्हटले त्या परमपित्याचे स्मरण करोन, आणि खरे लिहिल्याने ज्यांचे पोट दुखेल त्यांस आधीच सलाम सांगोन, हकीकत लिहितो ती परिसावी. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी नदीकाठच्या एका राज्यात मोठा अनर्थ गुदरला. राज्य म्हणजे एक दगडी चर्च, पुढे चिंचेचे झाड, आणि आत बाकांच्या रांगा. पाळकसाहेब उपासनेस उभे राहिले तो मागली बाके ओस, जेथे तरुण मंडळी बसावी तेथे पारवे फिरती, आणि पुढे पिकली डोकी, त्यांतही निम्मी निद्रिस्त. या राज्यात तरुण संघ म्हणोन एक गादी असे, आणि तीवर शांतवनराव कसोटे अध्यक्ष विराजमान असत. वय साठीपार, गुडघ्यास पट्टा, कवळी नवी. ऐन विशीत गादीवर बसले ते उठलेच नाहीत. कोणी म्हटले, "राव, आता पोरांना द्या," तर म्हणत, "पोरं अजून लहान आहेत." ती पोरे लग्ने करोन बाप जाहली, टकले पडली, तरी लहानच! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरे काय? संघाची एक ढोलकी होती. नाताळात घरोघर गाणी गात फेरी निघे तेव्हा ती रावांच्याच गळ्यात, आणि एरवी कपाटात, आणि किल्ली रावांच्या कमरेस.

आदल्या वर्षी सुवार्ता उजागरे नामे कॉलेजात शिकणारी मुलगी, गळा गोड आणि जीभ सरळ, तिणे नाताळचे नवे गाणे रचिले आणि भर सभेत उभी राहोन म्हणाली, "काका, ढोलकी आम्हांला द्या. यंदा फेरी आम्ही काढतो." रावांनी उत्तर केले, "बाळ, तुम्ही मंडळीचं भविष्य आहात. भविष्यानं गप्प बसावं." चर्चचे पंच हसले, टाळ्या पिटल्या. मुलगी खाली बसली, आणि मग पुढल्या रविवारी आली नाही, आणि मग तिजमागे एकेक करोन सारेच गेले.

आता नाताळ तोंडावर आला. फेरी आजोबांच्या काळापासोन कधी चुकली नव्हती. ती चुकली तर नदीपलीकडची मंडळी हसणार, आणि रावांचे नाक कापले जाणार. सबब दरबार भरला. तरुण का येत नाहीत, या मसलतीस एकही तरुण बोलाविला नव्हता, हे रीतीस धरोनच जाहले. एक पंच वदले, मोबाईलने घात केला. दुसरे वदले, आमच्या वेळी ऐसे नव्हते. मग मोठा पडदा आणविला, आणि शहराहून वक्ते आणविले, आणि वडापावाची लालूच दाखविली. वक्ते 'आजच्या तरुणापुढील आव्हाने' या विषयी ऐसे बोलिले की वडे गार जाहले, आणि ऐकावयास सारे पेन्शनर, त्यांनीच ते वडे खाल्ले, आणि त्यांसच पित्त जाहले.

अखेर रावांनी ढोलकी गळ्यात घातली आणि खासा स्वारी निघाली. दमा, मधुमेह आणि मोतीबिंदू ऐसी तीन दळे मागे चालली, सोबत पाळकसाहेब. दोन घरे गाइली, आणि तिसऱ्या घरी चहास बसले ते उठेनात. मोठ्या मिनतवारीने उठविले आणि टेकडीखाली आले, तो वरून गाण्याचा आवाज! वर राहेलबाई राहत असे, विधवा, एकटी, डोळ्यांनी अधू. चढ आहे म्हणोन तिचे घर फेरी दरसाल गाळीत असे. आज राव धापा टाकीत चढले आणि दार वाजविले.

"कोण आलंय?" आतून म्हातारीने पुसले.

"आम्ही तरुण संघ."

"काहीतरीच! तरुण तर माझ्या घरात बसलेत. दर रविवारी येतात, वचन वाचून दाखवतात, गातात, भाकरी टाकून जातात. तुम्ही कोण म्हातारे? पाणी हवंय का?"

आत पाहतात तो हरवलेली सारी फौज भुईवर बसली, आणि मध्ये सुवार्ता, तेलाचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन वाजवीत होती.  मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, बसा, दमलात. ढोलकी द्या ना इकडे, एवढं एक गाणं." रावांनी दिली. मग तिणे तेच आपले गाणे म्हटले, आणि ढोलकी ऐसी बोलिली जैसी रावांच्या हाती कधी बोलिली नव्हती, आणि राहेलबाई रडली, आणि राव रडले, आणि पाळकसाहेबही ठेका धरू लागले. अरे, गेलेले राज्य त्या घडीस समोर येऊन बसले होते! काही करावयाचे नव्हते, केवळ उगे राहावयाचे होते. गाणे सरले. रावांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"आण इकडे. दमट हवेनं चामड्याची पुडी सैल पडते. कपाटात ठेवतो."

 सुवार्तेने ढोलकी दिली आणि डबा पुन्हा मांडीवर घेतला.

पुढील रविवारी मागली बाके तैसीच ओस. दरबाराने ठराव केला की आजकालच्या तरुणांस भक्तीची ओढ राहिली नाही, आणि रावांस एकमते पुन्हा तरुण संघाचे अध्यक्ष नेमिले. जैसे घडले तैसे लिहिले, कोणास झोंबले तर त्याने तिखट कमी खावे. इत्यर्थ इतकाच की टेकडीवर गाणे चालू आहे, आणि ढोलकी कपाटात सुखरूप आहे, तीस एक ओरखडा नाही.