पाय टेकला, पुढचा

"पाय टेकला. पुढचा."

एवढ्या तीन शब्दांवर परीक्षकसाहेबांनी अठरा वर्षं नोकरी काढली होती. वाहन परवाना कार्यालयाच्या मागच्या पटांगणात पांढऱ्या पट्ट्यांनी एक भलामोठा इंग्रजी आठ काढलेला होता. उमेदवाराने त्यावरून दुचाकी फिरवायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला, की साहेब पत्र्याच्या शेडमधून चहाचा कप खाली न ठेवता ते तीन शब्द उच्चारत आणि उमेदवार पंधरा दिवसांसाठी घरी जाई. कोणी म्हणे वारा आला, कोणी म्हणे डोळ्यात चिलट गेलं. कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक तर चार वेळा नापास झाला होता, आणि चौथ्या वेळी त्याने "बूट नवा आहे साहेब, त्याला सवय नाही" असंही सांगून पाहिलं. साहेब बधले नाहीत. लोक त्यांना माघारी 'पायटेके' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली एक तरुण परीक्षक मॅडम रुजू झाल्या. त्यांना पहिल्याच दिवशी साहेबांनी गुरुमंत्र दिला.

"समोरच्याचं तोंड बघून दया येते. येणारच, आपण काही दगड नाही. आली, की दोन घोट पाणी प्यायचं. दया खाली बसते. मग निकाल सांगायचा."

तेव्हापासून मॅडम पाण्याची बाटली जवळ ठेवत. आपला हा मंत्र साहेबांनी घरी बायकोलाही कौतुकाने ऐकवला होता.

आता गंमत अशी, की हे साहेब स्वतः ऑफिसला येत ते बिनगिअरच्या स्कूटरवर. दोन्ही पाय फळीवर, पायांच्या मध्ये डब्याची पिशवी. उजव्या हाताने पिळलं की पुढे, डाव्या हाताने दाबलं की थांब. यापलीकडे त्या स्कूटरने त्यांना कधी काही विचारलं नाही. गिअरच्या गाडीबद्दल मात्र त्यांच्याइतकं बारकाईने कोणी बोलत नसे, आणि जो इतकं बोलतो त्याला चालवता येते का, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

घोळ सुरू झाला तो तळ्यावरून. पंचवीस वर्षांपूर्वी, लग्न झाल्या-झाल्या, साहेब बायकोला घाटमाथ्यावरचं तळं दाखवायला निघाले होते. बस अर्ध्या घाटात बंद पडली आणि दोघं दुसऱ्या बसने परत आली. "पुढच्या महिन्यात जाऊ," साहेब म्हणाले होते. बायको ग्रंथालयात कामाला होती. कोणतं पुस्तक कोणी कधी परत केलं नाही हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं, त्यामुळे तळंही तिथेच होतं.

"या वर्षी रजा टाकलीय मी," तिने एके दिवशी जाहीर केलं. "दीड महिन्याने, शनिवारी. स्कूटरवर गेलो तरी चालेल."

"स्कूटरवर घाट चढायचा? लोक हसतील," साहेब म्हणाले, आणि आठवडाभरात लांब पल्ल्याची स्पोर्ट टूरिंग मोटरसायकल घेऊन मोकळे झाले. पुढे काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, आणि अंगाने अशी दणकट की शोरूमच्या माणसाने ती घरपोच आणून उभी केली तेव्हा शेजारची स्कूटर तिच्यापुढे खेळण्यातली वाटू लागली.

शोरूमचा माणूस गेल्यावर साहेब सगळ्यांदेखत स्वार झाले. गाडी सुरू केली, गिअर टाकला, इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर वरच्या गॅलरीतून बायकोचा आवाज आला.

"अहो, स्टँड. ते खाली असलं की ती बंदच पडते. पुस्तिकेत लिहिलंय."

"माहितीय. इंजिन तापवतोय," साहेब म्हणाले आणि स्टँड वर केलं.

इमारतीच्या आवारात, फाटकाकडे जाणाऱ्या वाटेवर, तळमजल्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. चाकाच्या खुर्चीसाठी तिथे सिमेंटचा उतार केलेला होता आणि वर काचेचं दार. गाडी त्या दिशेने निघाली. आता थांबावं असं साहेबांना वाटलं, म्हणून अठरा वर्षांच्या सवयीप्रमाणे डाव्या हाताने दाबलं. पण मोटरसायकलवर डाव्या हाताला ब्रेक नसतो, क्लच असतो. हे साहेबांनी शेकडो लोकांना शिकवलं होतं. डाव्या हाताला सांगायचं राहून गेलं होतं. गाडी थांबली नाही, नुसती गुरगुरली. घाबरून त्यांनी हात सोडला तर ती झेप घेऊन पुढे गेली. पुन्हा दाबलं, गुरगुरली. पुन्हा सोडलं, झेप. अशा तीन झेपांत सिमेंटचा चढ संपला, काचेला तडा गेला, दार सताड उघडलं आणि गाडी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, दोन खुर्च्यांच्या बरोबर मध्ये, बंद पडून उभी राहिली. तोंडात कापूस धरून बसलेले एक गृहस्थ उठले आणि साहेबांना जागा करून देऊन बाहेर गेले.

डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच आल्या.

"कुठला दात?" त्यांनी विचारलं.

"दात नाही... मी वरच्या मजल्यावरचा."

"ओळखते की. काचेचं काही मनावर घेऊ नका, विम्यातून होईल. फक्त तुमच्या लायसनची झेरॉक्स लागेल."

साहेबांनी ऐटीत पाकीट काढलं. तोवर बायको जिना उतरून आली होती. तिने लायसन हातात घेतलं आणि ग्रंथालयात पुस्तकाचं पहिलं पान बघतात तसं निवांत वाचलं.

"अहो, यात 'बिनगिअरची दुचाकी' लिहिलंय."

"जुनं आहे ते."

"मागच्याच वर्षी नवं केलंय. खाली सही तुमचीच आहे."

साहेबांचा चेहरा पाहून डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्ची दिली. काच साहेबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः बदलून घेतली, पण तळ्याचा शनिवार ठरलेला होता आणि गाडी पेट्यांसकट आवारात उभी होती.

"ऑफिस तुमचंच आहे," बायको जेवताना म्हणाली. "द्या एक शिक्का मारून."

"अठरा वर्षांत कोणाला असं दिलं नाही," साहेब ताट पुढे सारून म्हणाले. "आणि स्वतःलाच देऊ? मॅडमसमोर परीक्षा देईन. आदल्या दिवशी, शुक्रवारी. शनिवारी तळ्यावर."

"शनिवारी तळ्यावर ना? मग झालं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात पंचवीस वर्षांचा हिशेब होता आणि साहेबांना तो ऐकू आला.

शिकाऊ परवाना निघाला. गाडी टेंपोत घालून पटांगणात आणली. ऑफिस सुटल्यावर साहेब एकटेच आठावर फिरू लागले, म्हणजे फिरायचा प्रयत्न करू लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेकरीवाला पाचव्या परीक्षेची तारीख विचारायला आला, तो फाटकात थबकला. त्याच्या डोळ्यांदेखत साहेबांची गाडी एका बाजूला कलली आणि बूट धाडकन जमिनीवर आला.

"वारा आला," साहेब म्हणाले.

"येतो साहेब," बेकरीवाला मनापासून म्हणाला. "माझ्याही वेळी नेमका तिथेच यायचा."

बेकरीवाल्याने आपली जुनी मोटरसायकल ढकलत आत आणली आणि एक आठ मारून दाखवला. असा सुरेख, की साहेबांनी नकळत शेडकडे पाहिलं, चहाच्या कपाची आठवण झाली म्हणून.

"मग परीक्षेत काय होतं तुम्हाला?"

"तुम्ही बघता ना. मग पाय आपोआप जातो." बेकरीवाल्याने साहेबांच्या डाव्या मुठीवर बोट ठेवलं. "हिला सांगा, तू ब्रेक नाहीस. आणि चाकाकडे बघू नका, जिथे जायचंय तिथे बघा. मान फिरली की गाडी फिरते."

रोज संध्याकाळी हा वर्ग भरू लागला. येताना बेकरीवाला खारी आणायचा. महिन्याभरात साहेबांची डावी मूठ माणसात आली आणि आठ पुरा होऊ लागला, निदान चारातून तीन वेळा.

शुक्रवारी रांगेत वीसेक लोक होते. ही बातमी दाबून ठेवणं कोणालाच जमलं नव्हतं. साहेब हेल्मेट घालून रांगेत उभे, त्यांच्या मागे बेकरीवाला, शेडमध्ये मॅडम आणि त्यांची बाटली. बायको अर्ध्या दिवसाची रजा काढून कुंपणाबाहेर येऊन थांबली होती. तिच्या हातात प्रवासाच्या सामानाची यादी होती आणि तिचं अर्धं लक्ष त्यात होतं, असं ती दाखवत होती.

"सुरू करा, सर," मॅडम म्हणाल्या.

साहेब निघाले. डाव्या मुठीने आज शब्द पाळला. पहिलं वळण सुटलं, मधला फाटा सुटला, दुसरं वळणही निम्मं झालं. तेवढ्यात कुंपणापलीकडे बायकोने यादी खाली केली आणि नीट दिसावं म्हणून टाचा उंचावल्या. साहेबांची मान तिकडे फिरली. मान फिरली, गाडी फिरली, आणि डाव्या बुटाचं टोक जमिनीला शिवलं. मुंगीलाही लागलं नसतं इतकंच. पुढच्या क्षणी पाय जागेवर, गाडी रेषेवर, आणि आठ पुरा.

रांगेत कोणाला काही दिसलं नाही. सगळे गाडीच्या पेट्या बघत होते. मॅडमना मात्र दिसलं. त्यांचा हात बाटलीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि मागे आला. त्यांनी मान खाली घातली आणि पेन 'उत्तीर्ण'च्या रकान्यावर टेकवलं. साहेबांनी ते पाहिलं. आता फक्त गप्प राहायचं होतं. तळं उद्यावर आलं होतं, बायको हसत होती, डावी मूठ मुकाट्याने आपलं काम करत होती. साहेबांनी सगळ्या अवयवांना शिकवून ठेवलं होतं. तोंडाकडे लक्ष द्यायचं तेवढं राहिलं होतं.

"पाय टेकला," साहेबांचं तोंड म्हणालं. "पुढचा."

सगळी रांग साहेबांकडे वळली.

"साहेब, मी अजून बसलोसुद्धा नाही," मागून बेकरीवाला काकुळतीने म्हणाला.

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेब हेल्मेटच्या आत लाल झाले होते, पण शब्द काही परत घेत नव्हते. शेवटी मॅडमनी बाटली उघडली. दोन घोट प्यायल्या. पुरेना, म्हणून तिसराही प्यायल्या.

"पंधरा दिवसांनी या, सर," त्या म्हणाल्या.

साहेब गाडी ढकलत कुंपणाकडे गेले आणि पटांगणाकडे पाठ करून उभे राहिले. त्यामुळे झालं असं, की बेकरीवाल्याकडे बघायला शेडमध्ये साहेब नव्हते, आणि तो पाचव्या खेपेला कुठेही न चाचरता पास झाला. साहेबांना मिठी मारायला तो आला तेव्हा साहेबांनी मारून घेतली.

"कोणी बघितलं नव्हतं," बायको कुंपणातून म्हणाली.

"मी बघितलं."

बायकोला राग आला होता आणि त्याच्या जोडीला आणखी काहीतरी वाटत होतं, जे तिने कित्येक वर्षांत बोलून दाखवलं नव्हतं. आताही नाहीच दाखवलं. यादीची घडी करून ती म्हणाली, "स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना?"

शनिवारी सकाळी साहेबांच्या पायांमध्ये डब्याच्या पिशवीऐवजी प्रवासाची पिशवी होती. घाटात सगळी वाहनं त्यांना मागे टाकून गेली, एक सायकलवालाही गेला. पंचवीस वर्षांपूर्वी बस बंद पडली होती ते वळण आलं, तेव्हा दोघांनी श्वास रोखला. स्कूटर खोकली, पण ओलांडून गेली. अगदी माथ्याजवळ, शेवटच्या चढावर, तिने मान टाकली. इंजिन चालू होतं, चाक पुढे जाईना. बायको उतरली आणि मागून ढकलू लागली. साहेब पाय फळीवर घट्ट ठेवून, उजवी मूठ पिळत, ताठ बसून होते.

"अहो, पाय खाली घ्या आणि जरा रेटा की."

साहेबांनी आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"टेका हो," बायको मागून धापा टाकत हसली. "मी पाणी प्यायलेली नाही."