ग्वाक आजींच्या मिरच्या आणि तीन नंबरची तोफ
परीक्षेची चौदा मिनिटं उरली असताना तीन नंबरच्या तोफेला थांबावं लागलं, कारण रस्त्यावर मिरच्या वाळत होत्या.

सार्जंट प्यो संग-ह्योन वरच्या झाकणातून छातीपर्यंत बाहेर आला होता. समोर निळी ताडपत्री, तिच्यावर लालभडक मिरच्या, थेट वळणापर्यंत. कडेला छत्रीच्या सावलीत, उलट्या टोपलीवर एक म्हातारी बसली होती. रणगाड्यासारखी स्वतःच धावणारी सत्तेचाळीस टनांची तोफ दहा पावलांवर येऊन घुरघुरत उभी राहिली, तरी तिने काठीने मिरच्या उलटवायचं काम थांबवलं नाही.

"बोंग, बाजूनं निघेल का?" प्योने खाली चालकाला विचारलं.

"कुठल्या बाजूनं, सार्जंट? डावीकडे भात उभंय, उजवीकडे कालवा."

"मागच्या फाट्यावरून?"

"तिकडे पूल आहे. पंधरा टनांची पाटी लावलीय त्याच्यावर."

प्यो खाली उतरला. ही तोफ चाळीस किलोमीटरवर गोळा टाकायची. धावता धावता थांबली तर मिनिटाच्या आत पहिला गोळा, आणि त्यानंतर पंधरा सेकंदांत आणखी दोन. आजच्या परीक्षेत हेच दाखवायचं होतं. गावाजवळ खरा गोळा उडवायचा प्रश्नच नव्हता. सरावाचा पोकळ गोळा नळीत सरकला आणि कळ दाबली, की संगणकावर वेळ नोंदली जाई. पहिल्या ठिकाणी सगळं झकास झालं होतं. दुसरं ठिकाण दीड किलोमीटरवर, टेकडीच्या पायथ्याशी, आणि तिथे परीक्षक मेजर हाम घड्याळ घेऊन उभे होते.

प्योला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, हे या वर्षीच ठरणार होतं. याआधी दोनदा त्याचं नाव यादीत आलं नव्हतं. तिसऱ्यांदा आलं नाही, तर सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात बसायचं हे घरात ठरून गेलं होतं, आणि सासरे त्या दिवसाची वाटच बघत होते.

"आजी, जरा वाट द्या. लष्कराचा सराव चाललाय."

"चालू दे की. मी कुठं अडवलंय?"

"मिरच्या उचलाव्या लागतील."

"उचला. माझे गुडघे गेलेत. तुम्ही किती जण आहात?"

"पाच."

"पुष्कळ झाले," आजी म्हणाल्या आणि टोपलीखालून त्यांनी रिकामी पोती काढली.

पाचही जण रस्त्यावर ओणवे झाले. नेमबाज योम ओंजळीने भरत होता. गोळे भरणारी दोन पोरं फावड्याने सुरुवात करणार, तेवढ्यात आजींनी काठी आपटली.

"फावडं नको. फुटतात. दोन आठवडे उन्हात घातल्यात, खडखडीत वाळल्यात. आणि ए चष्मेवाल्या, बूट काढ आधी. माझ्या लेकी-सुनांचं वर्षभराचं किमचीचं लोणचं व्हायचंय त्याचं."

योमने बूट काढले. नऊ मिनिटं उरली तेव्हा सहा पोती भरून उभी होती.

"आता कडेला ठेवतो आम्ही," प्यो म्हणाला.

"कडेला म्हणजे कालव्यात. घरी पोचवा. टेकडीखाली हिरवं फाटक आहे. तुमच्याच वाटेवर."

"आजी, तोफेतून सामान नेता येत नाही."

"मग पसरा परत. संध्याकाळी पुतण्या येईल टेम्पो घेऊन, तो नेईल."

प्योने घड्याळ पाहिलं. आजींनी तोफेकडे पाहिलं.

"किती लांब मारते रे ही?"

"चाळीस किलोमीटर."

"आणि माझं घर दीड किलोमीटर," आजी म्हणाल्या.

प्योने मागचं दार उघडायला लावलं आणि सहा पोती आत गेली. सरावाला मोजकेच गोळे घेतलेले असल्यामुळे गोळ्यांच्या मांडणीत जागा होती. पोती तिथे कोंबून वरून पट्टा आवळला. आजींना मात्र आत घेता येणार नाही, हे प्योने ठासून सांगितलं.

"मला काय करायचंय त्या डब्यात बसून?" आजी म्हणाल्या आणि आधाराची आपली ढकलगाडी धरून चालू लागल्या.

बोंगने गेलेला वेळ भरून काढायचं मनावर घेतलं. हजार घोड्यांचं इंजिन आणि रस्ता मोकळा. लोखंडी पट्टे काँक्रीटवरून असे खडखडत निघाले, की आत दातावर दात वाजू लागले. पोत्यांचंही तेच झालं. वाळलेल्या मिरच्या एकमेकींवर आपटत, मांडणीच्या लोखंडावर घासत भरडल्या जात होत्या, पण त्या आवाजात ते कुणाला कळणार? योमला पहिली शिंक आली तेव्हा प्योला वाटलं, सर्दी असेल.

"थांबा. लक्ष्य दिलंय," रेडिओवर आवाज आला. मिनिट सुरू झालं.

बोंगने जागच्या जागी ब्रेक मारला. पोत्यांवरचा पट्टा सुटला आणि दोन पोती घसरून पंख्यासमोर फुटली. हवा खेळती ठेवायला बसवलेल्या त्या पंख्याने आपलं काम चोख केलं. क्षणात तोफेच्या पोटात लाल धुकं भरलं.

"सार्जंट, मला पडदा दिसत नाहीये," योम रडत म्हणाला. तो खरोखरच रडत होता. मागची दोन पोरं आळीपाळीने शिंकत होती.

बाहेर पडलं तर परीक्षा गेली. आत राहिलं तर डोळे गेले. प्योच्या नाकातून पाण्याची धार लागली होती, आणि त्या धारेतच त्याला बाजूला लटकलेली पिशवी दिसली.

"मास्क चढवा. सगळ्यांनी."

गॅसचा मास्क नऊ सेकंदांत चढवायचा, हे त्यांच्याकडून वर्षभर घोटून घेतलेलं होतं. आज सात सेकंदांत चढले. योमने मास्कच्या काचा पुसल्या, नळी वळली, यंत्राने गोळा सरकवला, कळ दाबली. त्रेपन्नावा सेकंद. पुढचे दोन गोळेही वेळेत गेले.

प्योने झाकण उघडून डोकं बाहेर काढलं. समोर मेजर हाम उभे होते. हा माणूस स्तुती करत नाही अशी त्यांची ख्याती होती. मास्क घातलेला सार्जंट पाहून त्यांनी घड्याळ खाली घेतलं.

"मास्क कुणी घालायला लावले?"

"मी, साहेब."

"परीक्षेत नव्हतं ते."

"आत तिखट होतं, साहेब."

"खरं तिखट?" मेजरांनी मागच्या दारातून डोकं आत घातलं, आणि लगेच बाहेर काढलं. ते चार वेळा शिंकले. डोळे पुसत त्यांनी पेन काढलं. "एकवीस वर्षांत सगळ्यांना मास्क नुसता कमरेला लावून फिरताना पाहिलंय. खरा त्रास करून घेऊन सराव करणारे तुम्ही पहिले."

प्योच्या डोळ्यांपुढे टायरचं दुकान आलं. तरी तो म्हणाला, "साहेब, तसं नाहीये. ती पोती एका आजींची आहेत. रस्त्यात—"

"तपशील नंतर," मेजर म्हणाले आणि लिहीत राहिले.

सगळे रकाने भरायला त्यांना अर्धा तास लागला. मग त्यांनी सही केली, कागद मिटून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं. तेवढ्यात ढकलगाडीची चाकं वाजली.

"माझ्या मिरच्या?" ग्वाक आजी म्हणाल्या.

योमने खाली मान घालून एक पोतं आणून पुढे ठेवलं. आजींनी पोत्याचं तोंड सोडलं. आत मिरची एक दिसेना, नुसता लाल भुगा. त्यांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, जिभेवर ठेवली.

मेजर हाम एकदा पोत्याकडे आणि एकदा हातातल्या पाकिटाकडे बघत होते.

"आजी, चूक झाली. मी भरून देईन," प्यो म्हणाला.

"भरून कसलं देतोस? गिरणीवाला मला चार दिवस हेलपाटे घालायला लावतो. हे बारीक झालंय. देठं तेवढी चाळून काढावी लागतील." त्या मेजरांकडे वळल्या. एवढ्या माणसांत तेच मोठे असणार, हे त्यांनी टोपीवरून ओळखलं होतं. "साहेब, अशा किती गाड्या आहेत तुमच्याकडे?"

"सहा," मेजर सवयीने बोलून गेले.

"मग बाकीच्या पाच रिकाम्याच फिरतात का? आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच मिरच्या वाळल्यात."

पाकीट उघडायचं तर नवीन कागद, नव्या सह्या आणि कर्नलसाहेबांना हे सगळं तोंडी समजावणं आलं. मेजरांनी ते बगलेत मारलं आणि ते जीपकडे चालू लागले. वाटेत आणखी दोनदा शिंकले.

नोव्हेंबरात यादी लागली. प्यो कायम झाला. सासऱ्यांनी अभिनंदनाचा फोन केला, पण आवाज पडलेला होता.

वसंतात वरून नवा हुकूम आला. यापुढे दुसऱ्या ठिकाणची गोळाफेक सर्व तोफांनी मास्क लावूनच करायची, आणि आत झोंबणारा पदार्थ सोडायचा. बाकीच्या पाच तोफांचे सार्जंट सूचनाफलकापुढे दाटीवाटीने उभे राहून तो वाचत होते.

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?" पाच नंबरचा सार्जंट म्हणाला. "प्यो, तुला काही कल्पना आहे?"

"वरून आलंय," प्यो म्हणाला आणि मास्कच्या काचा पुसायला बसला.